पंजा म्हणजे चालू

शफीचाचा माणसाच्या डोळ्यांकडे कधीच बघत नसत, तोंडाकडे बघत. आपण बोलायला लागलो की त्यांची नजर आपल्या ओठांवर येऊन बसायची आणि वाक्य संपेपर्यंत तिथून हलायची नाही. लग्न होऊन मी भिवंडीत आमच्या गल्लीत आले, तेव्हा पहिल्याच दिवशी समोरच्या घरातले हे उंच, पांढऱ्या दाढीचे गृहस्थ माझ्याकडे असे काही बघत राहिले की मी दोनदा घरात जाऊन आरशात दात बघून आले. पालकाची भाजी खाल्ली होती, म्हटलं अडकली असेल.

धामणकर नाक्याच्या मागे त्यांचा लूमचा, म्हणजे यंत्रमागाचा, कारखाना होता. आयुष्य त्या खडखडाटात गेलेलं. त्यांना थोडं कमी ऐकू येतं एवढं गल्लीला माहीत होतं आणि त्याचं कोणाला काही विशेष वाटत नव्हतं. भिवंडीत निम्म्या गावाला थोडं कमी ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं त्यामुळे ओरडून बोलतं. रिक्षावाला ओरडतो, भाजीवाला ओरडतो, शाळेत मी ओरडते. चाचांशीही सगळे ओरडूनच बोलत. फक्त त्यांची बायको, हमीदाचाची, त्यांच्यासमोर उभी राहून अगदी हळू आवाजात बोलायची. मला ते फार आवडायचं. इतक्या वर्षांच्या संसारानंतरही बाईचा आवाज चढत नाही म्हणजे काय, असं मी माझ्या नवऱ्याला ऐकवायचे.

चाचांचं एक ठरलेलं बोलणं होतं. गल्लीत पाणी आलं नाही, कोणाच्या पोरीचं लग्न मोडलं, माझा रक्तदाबाचा रिपोर्ट वाईट आला, कशावरही ते तेच म्हणत. "लूम वाजते तोवर फिकर नाय, टीचर. आवाज बंद झाला की घाबरायचं." मी शाळेत शिकवते म्हणून टीचर. आणि मी भित्री आहे हे त्यांनी फार लवकर ओळखलं होतं. मी लिफ्टला घाबरते, कुत्र्यांना घाबरते, गॅस बंद केला की नाही हे बघायला नाक्यावरून परत येते. ते म्हणायचे, "वर्गात पोरांना घालायला एवढी भीती आणतेस कुठून म्हणून मला नवल वाटायचं. घरूनच नेतेस होय?"

पुढे धंदा बसला आणि लूम भंगारात गेल्या. त्या दिवशी चाचा घरी येऊन ओट्यावर बसले ते संध्याकाळपर्यंत उठले नाहीत. त्यानंतर काही महिने त्यांचं मन कशातच नव्हतं. मग आखातात असलेल्या मुलाने फोनवर एक व्हिडिओ पाठवला. कुठल्या तरी परदेशातलं एक म्हातारं जोडपं मोटारीतच बिछाना, चूल, पडदे असं घर करून एका भूशिराला फेरी मारत होतं. डावीकडे समुद्र, उजवीकडे समुद्र, पुढे रस्ता संपला की तिथेही समुद्र. चाचा तो व्हिडिओ पुन्हापुन्हा बघायचे, आवाज बंद ठेवून. मला वाटलं, फोन बिघडलाय.

"आपल्या कोकणात काय कमी हाय?" ते एक दिवस म्हणाले. "श्रीवर्धनकडं जा, तिन्ही बाजूला पानी. फिरत फिरत जायचं, शेवटी खाडी ओलांडायची, की माझ्या आजाचं गाव. आजा तिथून होडीत बसून निघाला तो इथं माग टाकायला आला. मी अजून बघितलं नाय."

त्यांच्याकडे कापडाचे ताके पोचवायचा एक जुना टेम्पो उरला होता. ओळखीच्या गॅरेजवाल्याकडून त्यांनी त्याचं घर करून घेतलं. मागे फळ्यांचा पलंग, एका कोपऱ्यात शेगडी, पाण्याची टाकी, छताला एक बल्ब आणि खिडक्यांना शेवटच्या लूमवर विणलेल्या कोऱ्या कापडाचे पडदे. मागच्या दाराला काच बसवली, पण दार मालाच्या टेम्पोचंच राहिलं, त्याला कडी फक्त बाहेरून. पुढे बसणाऱ्यांत आणि मागच्या खोलीत प्लायवूडची भिंत, तिला हातभर उघडी चौकट. चाचा तिला गाडी म्हणत नसत, खोली म्हणत. "चला, खोली घेऊन जरा फिरून येऊ."

खोलीची पहिली चाचणी अकलोलीला झाली. चाचीचे गुडघे गेलेले, त्यांना गरम पाण्याच्या कुंडावर न्यायचं निमित्त. जाताना मी पुढे बसले होते. वज्रेश्वरीच्या रस्त्याला मागून एक डंपर सारखा हॉर्न देत होता आणि चाचा शांतपणे रस्त्याच्या मधून चालले होते. मी म्हटलं, "चाचा, त्याला जाऊ द्या की." ते समोर बघत होते. मी पुन्हा म्हटलं. काही नाही. शेवटी डंपर डाव्या बाजूने, माझ्या कोपराला घासल्यासारखा निघून गेला. मला वाटलं, म्हातारा हट्टी आहे. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, मी त्या गाडीत पुन्हा पाय ठेवणार नाही.

आणि दिवाळीच्या सुट्टीत श्रीवर्धनला गेले. कारण चाचीने अट घातली होती. "गुडघ्यांनी मला पुढं चढता येत नाय, मी मागं झोपीन. पण पुढं टीचर बसत असेल तरच मी येते." चाची माझ्याकडे कधी काही मागत नसे. माझ्या नवऱ्याला सुट्टी नव्हती आणि मला नाही म्हणता आलं नाही.

माणगावपर्यंत मी डोळे मिटून बसले होते म्हटलं तरी चालेल. पुढे म्हसळ्याच्या वळणांवर डोळे मिटायचीही भीती वाटायला लागली. समोरून येणारी एसटी वळणाआधी हॉर्न देई, मला तो स्पष्ट ऐकू येई आणि चाचा तसेच वळणात शिरत. एसटी अचानक समोर आली की तेवढ्यात ते गाडी कडेला घेत. हात मात्र विलक्षण चपळ. जे दिसलं त्याला ते क्षणात उत्तर देत. जे दिसलं नाही ते त्यांच्या हिशेबातच नसे. मी डॅशबोर्ड धरून बसले होते. त्यांनी माझ्या पांढऱ्या पडलेल्या बोटांकडे बघितलं आणि हसले. "सोड त्याला. तू धरलंस म्हणून गाडी चालली नाय."

दिवेआगरकडून श्रीवर्धनला जाणारा किनाऱ्याचा रस्ता मी विसरणार नाही. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला गुडघाभर कठडा आणि खाली समुद्र. वळण गेलं की नवा समुद्र, निळा, हिरवा, मध्येच काळ्या खडकांवर फुटणारा. तसलं सुंदर मी आयुष्यात काही बघितलं नव्हतं आणि तेवढी घाबरलेही नव्हते. चाचा एका हाताने दाखवायचे, "ती बघ होडी! ती बघ!" मी म्हणायचे, "रस्ता बघा!" मागच्या चौकटीतून चाची हळूच म्हणायची, "टीचर, त्यांना सांग, थोडं हळू." ती स्वतः त्यांना सांगत नसे. मी चाचांच्या खांद्याला हात लावून, त्यांनी माझ्याकडे बघितलं की सांगायचे.

संध्याकाळी सुरूच्या बनाशी खोली उभी केली. चाचीने तांदळाच्या भाकऱ्या भाजल्या, ओले बोंबील तळले. अंधारून आलं तशी तिने आधी छताचा बल्ब लावला, चाचांचं तोंड आपल्याकडे वळेपर्यंत थांबली आणि मग विचारलं, "आवडलं?"

"जन्नत," चाचा म्हणाले. मला त्या दोघांचा हेवा वाटला. दिवसभराची भीती तेवढ्यापुरती विसरलेच मी.

दुसऱ्या दिवशी आम्ही खाडीवर आलो. गाड्या पलीकडे नेणारी फेरीबोट तिथे लागते. जेटी कसली, सिमेंटचा रुंद उतार सरळ पाण्यात गेलेला. पलीकडच्या काठावर माडांच्या वर एका मशिदीचा पांढरा मिनार दिसत होता. चाचांनी मला तो दाखवला. "आजाचं गाव," ते म्हणाले आणि त्यांचा आवाज बदलला.

बोट अजून खाडीच्या मध्यावर होती. तिथल्या खलाशाने सांगितलं, गाडी उलटी लावून ठेवा, मागून चढवायची हाय. मागे पलंगावर चाची झोपली होती. दाराला बाहेरून कडी. मी खाली उतरले आणि उताराच्या कडेला, चाचांना उजव्या आरशात दिसेन अशी उभी राहिले. हाताने खुणावत होते, या, या, अजून या. गाडी सावकाश मागे येत होती. जिथून सिमेंटवर हिरवं शेवाळ सुरू होत होतं तिथे मी हाताचा पंजा वर केला. थांबा.

गाडी थांबली नाही.

मला वाटलं दिसलं नसेल. मी दोन्ही हात वर केले, दोन्ही पंजे पसरले. आरशात मला चाचांचा चेहरा दिसत होता, ते सरळ माझ्याकडेच बघत होते. त्यांनी मान डोलावली आणि गाडीचा वेग वाढवला.

खलाशी ओरडत धावला. मी ओरडले, "थांबा! चाचा, थांबा!" मागची चाकं शेवाळावर आली, मग पाण्यात गेली. काचेच्या दारापर्यंत पाणी उसळलं. त्या दारामागे एक म्हातारी बाई झोपलेली आणि कडी बाहेरून. मी गाडीच्या बाजूने पुढे धावले. मी आरशातून नाहीशी झाले म्हणून असेल, चाचांनी मान वळवली. मी त्यांच्या खिडकीला लटकले. माझा चेहरा त्यांच्या चेहऱ्यासमोर होता. "थांबा" म्हणायला मी तोंड उघडलं आणि भीतीने घशातून आवाजच निघाला नाही. नुसते ओठ हलले.

चाचांनी त्याच क्षणी ब्रेक दाबला.

गाडी आणखी वीतभर घसरली आणि थांबली. मी खिडकीला धरून तशीच उभी होते. इतका वेळ सगळी जेटी ओरडत होती, मी बेंबीच्या देठापासून ओरडत होते, तेव्हा हा माणूस थांबला नाही. मी आवाज न काढता बोलले आणि हा थांबला. मग मला कळलं. कमी ऐकू येतं असं नव्हतंच. या माणसाला काहीच ऐकू येत नव्हतं. ना डंपर, ना एसटी, ना समुद्र. मी तिथेच ओल्या सिमेंटवर बसले.

खलाशांनी चाकांखाली पोती टाकली, चारपाच जणांनी मागून खांदा लावला आणि गाडी वर आली. मी धावत जाऊन कडी काढली. चाची भिंतीकडे तोंड करून पडली होती, अंगावर चादर. हलली नाही. श्वास चालू होता. माझ्या मागे चाचा येऊन उभे होते, ओठ पांढरे पडलेले. "झोपलीय," ते म्हणाले. "उठवू नको."

मग आम्ही दोघं एका माडाखाली बसलो. मी त्यांच्यावर ओरडले. ओरडून उपयोग नाही हे माहीत असूनही ओरडले. "मी हात वर केला होता! दोन्ही हात!"

"तेच ना," चाचा म्हणाले. "पंजा म्हणजे चालू."

कारखान्यात खडखडाटात कोणाचं बोलणं कोणाला ऐकू येत नसे. सगळा कारभार हातावर. पंजा उघडा दाखवला की लूम चालू कर. मूठ मिटली की बंद. दोन्ही पंजे वर म्हणजे दोन्ही बाजूच्या लूम चालू कर, माल लवकर पाहिजे. जन्मभर त्यांनी हेच वाचलं होतं. आरशात त्यांना मी दिसत होते, घाई करणारी. "मला वाटलं बोट आली," ते म्हणाले. "टीचर एवढी दोन्ही हातांनी बोलवतेय म्हणजे बोट आलीच."

मी विचारलं, कधीपासून ऐकू येत नाही? त्यांनी हात हलवला, खूप दिवस झाले. आधी एक कान, मग दुसरा. "लोकं ओरडतात म्हणून बरं हाय. ओरडताना माणूस तोंड मोठं उघडतो. वाचायला सोपं." मग माझा हात धरला. आयुष्यात कधी धरला नव्हता. "हमीदाला सांगू नको. तिला माहीत नाय. बघ ना, किती हळू बोलते माझ्याशी. माहीत असतं तर ओरडली असती की. तिला कळलं तर ती या गाडीत परत बसायची नाय. आणि मग मी तरी कुणाला घेऊन जाऊ?"

बोट आली तेव्हा आम्ही चढलो नाही. चाचा उभे राहून पलीकडचा मिनार बघत होते. "दिसला ना," ते म्हणाले. "बास."

परतीचा प्रवास मी कसा केला ते सांगण्यासारखं नाही. मला गाडी येत नाही आणि चाचीला काही कळू न देता आम्हाला भिवंडीला पोचायचं होतं. पूर्ण रस्ता मी उजवा हात मांडीवर ठेवून बसले, चाचांना दिसेल असा. मागून हॉर्न आला की त्यांच्या गुडघ्यावर थाप. वळणाआड हॉर्न आला की मूठ. पंजा चुकूनसुद्धा उघडायचा नाही. पेणच्या पुढे वाहनांची दाटी झाली तेव्हा सगळीकडून एकदम हॉर्न येत होते. त्यातला आमच्यासाठीचा कुठला हे मला कळेना आणि मी रडायला लागले. चाचा समोर बघत चालवत होते, त्यांना माझं रडणं ऐकू येणं शक्य नव्हतं. जरा वेळाने त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि गाडी कडेला घेतली. मी डोळे पुसेपर्यंत ते थांबले. "लूम वाजते तोवर..." त्यांनी सुरू केलं आणि अर्ध्यावर सोडून दिलं.

चहाला थांबलो तिथे चाचीने विचारलं, "बोट का नाय घेतली?"

"बिघडली," चाचा म्हणाले.

"बरं झालं," चाची म्हणाली आणि चहा प्यायली.

त्या दिवसानंतर चाचांनी खोली बाहेर काढली नाही. डिझेल महागलं, चाचीचे गुडघे दुखतात, ऊन फार आहे, अशी कारणं सांगत राहिले. दुपारी एकटेच खोलीतल्या पलंगावर जाऊन बसत. मी समोरून जाताना त्यांनी हाक मारली तर मी त्यांच्यासमोर उभी राहून बोलायचे, आवाज न चढवता, ओठ नीट हलवून. ते ओळखायचे आणि हसायचे. मी कोणाला काही सांगितलं नाही, नवऱ्यालाही नाही. पण गल्लीतून कोणी गाडी मागे घेत असेल तर मला अजून दरदरून घाम फुटतो.

चाचा गेले ते दुपारची नमाज पढून आडवे झाल्यावर, झोपेतच. त्यांचं जाणं कुठल्या तरी रस्त्यावर होईल ही भीती मी किती दिवस बाळगली होती. ते घरात, उशीवर डोकं ठेवून गेले.

चाची इद्दतीत, नवऱ्यामागच्या चार महिने दहा दिवसांच्या एकांतात, बसली होती तेव्हा मी रोज शाळेतून येताना तिच्याकडे जायचे. एकदा बोलता बोलता ती म्हणाली, "तुझे उपकार हायेत गो. त्या गाडीत तू पुढं बसलीस म्हणून मी गेले. नायतर त्यांचे कान कोण झालं असतं?"

मी विचारलं, "म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"नवरा बहिरा झाला तर बायकोला कळत नाय?" ती तिच्या नेहमीच्या हळू आवाजात म्हणाली. "त्यांना वाटायचं मला माहीत नाय. म्हटलं, वाटू दे. ओरडून काय फायदा होता?"

मला जेटी आठवली. मी म्हटलं, "चाची, त्या दिवशी खाडीवर... तुम्ही झोपला होतात म्हणून बरं."

"झोपले कुठं होते? पडले होते. काचेतून पानी वर येताना बघत होते." तिने ओढणी सारखी केली. "पानी गेलं तसं भिंतीकडं तोंड केलं. त्यांनी माझा चेहरा बघितला असता तर सगळं वाचलं असतं."

"पण मग पाणी येत होतं तेव्हा तुम्ही ओरडला का नाहीत? मी ऐकलं असतं! सगळ्यांनी ऐकलं असतं!"

चाची गोंधळली. हे तिच्या मनात कधी आलंच नव्हतं असं तिच्या चेहऱ्यावर दिसलं.

"सुचलंच नाय गो," ती म्हणाली. "इतकी वर्षं घरात कधी हाक मारली नव्हती. मी आपली चौकटीतून त्यांच्याकडं बघत होते. म्हटलं, हे वळून बघतील, मग सांगीन."